चाफ्याची फियाट

हेमांगीचं लग्न ठरलं त्या संध्याकाळी पाहुणे अजून चहाच घेत होते, आणि मुलीचा बाप उठून मागच्या शेडमध्ये लाकूड बघायला गेला. मीरानं, म्हणजे त्याच्या बायकोनं, पाहुण्यांना सांगितलं की ते जरा हात धुवायला गेलेत. चंद्रहासच्या असल्या वागण्यावर पांघरूण घालायची तिला इतकी सवय होती, की थाप मारताना तिच्या हातातली बशीसुद्धा हलली नाही.

शेड म्हणजे एके काळचं गॅरेज. वसईजवळच्या निर्मळच्या त्या वाडीत, केळीच्या ओळी संपतात तिथं, चंद्रहासच्या वडिलांनी, काशीरामनी, आपल्या फियाटसाठी ते बांधलं होतं. आता तिथं फियाट नव्हती. तिच्या जागी दोन विटांवर सोनचाफ्याचा एक जाडजूड ओंडका पडला होता. वाळताना तडकू नये म्हणून त्याच्या दोन्ही टोकांना ऑइलपेंट फासलेला. चंद्रहासनं त्याच्यावर बोटानं टकटक केली, कान लावून ऐकलं, आणि परत येऊन अगदी शहाण्यासारखं पाहुण्यांना विचारलं, "मग, तारीख कुठली धरायची?"

ही फियाट आणि हा ओंडका यांचं नातं सांगायचं तर आधी काशीरामांपासून सुरुवात करावी लागेल.

काशीराम फुलांचा धंदा करायचे. वाडीत सोनचाफा, मोगरा, शिवाय केळीची पानं. सगळं गाव मुंबईच्या बाजारासाठी डोक्यावर टोपल्या घेऊन स्टेशन गाठायचं, तेव्हा या गृहस्थांनी दादरच्या एका डॉक्टरांकडून जुनी फियाट उचलली. सायीच्या रंगाची, जरा मळकट. फुलं फियाटमधनं जाणार म्हटल्यावर गावानं मनसोक्त हसून घेतलं. काशीरामनी लक्ष दिलं नाही. ओल्या फडक्यात बांधलेला चाफा डिकीत, पानांचे भारे मागच्या सीटवर आणि स्वतः पुढं राजासारखे. वर्षभरात त्या गाडीला असा काही वास लागला, की तिच्यातनं उतरलेला माणूस तासभर देवळात जाऊन आल्यासारखा दरवळायचा. पेट्रोलचा वास असायचाच, पण तो खाली दबून गेलेला.

गाडीत एकच खोड होती. ती ढकलल्याशिवाय सुरू व्हायची नाही. नवी बॅटरी घातली तरी नाही, मेकॅनिक बदलला तरी नाही. काशीराम थकले, ते गेल्यावर गाडी चंद्रहासच्या हातात आली, तोही थकला. गाडीनं आपला हेका सोडला नाही. शेवटी घरादारानंच तिच्यापुढं हात टेकले आणि ढकलणं हा रोजच्या दिनक्रमाचा भाग होऊन गेला. चंद्रहास स्टिअरिंगवर बसून "ढकला!" म्हणून ओरडायचा. उजव्या बाजूला मीरा. डाव्या कोपऱ्यावर हेमांगी, पहिलीत गेल्यापासून. शेडपासून वाटेच्या वळणावरच्या चिंचेपर्यंत ढकललं, की तिथं इंजिन हमखास पकडायचं. पण पकडलं म्हणून थांबायची सोय नव्हती, कारण थांबली तर बंद पडणार. मग चंद्रहास गाडी रांगती ठेवायचा, मागचं दार उघडं सोडायचा, आणि मायलेकी धावत येऊन आत उड्या मारायच्या. हेमांगी शाळेत पोचायची ती कायम धापा टाकत. तिच्या तळव्यांनी डिकीच्या डाव्या कोपऱ्यावरचा रंग घासून घासून उडाला होता. आतला पत्रा दिसायचा.

एकदा नात्यातल्या एका मुलीचं लग्न होतं, आणि पाठवणीला हीच फियाट नेली होती. नवरी आत बसली, आणि जरीच्या साड्या नेसलेल्या बायका, फेटे बांधलेले मामे-काके पदर खोचून, बाह्या सारून गाडी ढकलायला लागले. नवरीला रडू यायचं ते राहिलंच, ती हसून हसून बेजार झाली. घरी येताना आठ वर्षांच्या हेमांगीनं गंभीर तोंड करून विचारलं, "बाबा, माज्या लग्नात पन मीच ढकलायची?"

"खुळी की काय," चंद्रहास म्हणाला. "त्या दिवशी तू आत बसायचं. मी ढकलीन."

"नक्की?"

"नक्की." देवळाकडे हात करून त्यानं शपथ घेतली. पोरीनं तेवढ्यावर सोडलं नाही, आईला साक्षीदार ठेवलं.

लहान मुलांना दिलेली असली वचनं कोण लक्षात ठेवतं? पण हे वचन त्या घरात दोघांनीही ठेवलं होतं. हेमांगी दहावी झाली, इंजिनिअर झाली, नोकरीला लागली, आणि कुणी लग्नाचा विषय काढला की म्हणायची, "आधी आमच्या फियाटचं इंजिन बघा." गाडी तोवर म्हातारी झाली होती. दसऱ्याला तिला झेंडूची माळ घालायची, चाकाखाली लिंबू ठेवायचं, आणि चिंचेपर्यंत ढकलून परत आणायची. एवढंच काम तिला उरलं होतं.

मग तौक्ते आलं. वादळानं वाडीतली केळ सगळी झोपवली, आणि शेडच्या कडेचा सोनचाफा, काशीरामांनी स्वतःच्या हातानं लावलेला, मुळांसकट उपटून शेडवर आडवा घातला. खाली फियाट. सकाळी बघतात तर छप्पर सीटपर्यंत बसलेलं, काचांचा चुरा, आणि त्यावर पिवळी फुलं पसरलेली. जिच्या डिकीतनं त्या झाडाची फुलं आयुष्यभर गेली, तिच्यावरच ते झाड पडलं.

भंगारवाल्याचा टेम्पो आला तेव्हा हेमांगी घरातच होती, लॅपटॉप उघडून. बाहेर आली नाही. टेम्पो गेल्यावर मात्र पडवीत येऊन म्हणाली, "बाबा, आता माझं काय?" आणि हसली. ती हसली ते चंद्रहासला रडण्यापेक्षा जास्त लागलं. झाड जळणासाठी मागायला दोघं-तिघं आले होते. त्यानं कुणाला काडी दिली नाही. सगळ्यात जाड भाग कापून घेतला, टोकांना रंग फासला आणि फियाटच्या जागेवर वाळत ठेवला. कशासाठी, ते तेव्हा त्यालाही सांगता आलं नसतं.

आता सांगता येत होतं. तो चाफ्याच्या लाकडाची फियाट करणार होता, दहाव्या हिश्शाची. हेमांगीच्या रुखवतात ठेवणार होता. खरी गाडी राहिली नाही, निदान तिचं रूप तरी मुलीबरोबर जावं, म्हणजे दिलेला शब्द अगदीच फुकट जाणार नाही, असं त्याच्या मनानं घेतलं होतं.

अडचण अशी, की मुलीनं रुखवतालाच नाट लावला.

"ते रुखवत-बिखवत प्लीज नको हां," हेमांगी जेवताना म्हणाली. "तिसऱ्या दिवशी आमची बंगळुरूची फ्लाइट आहे. पर हेड पंधरा किलो. त्यात मी माझे कपडे नेऊ की साखरेचा ताजमहाल?"

"लोक काय म्हनतील?" मीरा म्हणाली. "एक टेबल तरी लावूया. चार लाडू, चार करंज्या."

"लाव टेबल. पण नेणार काही नाही, आधीच सांगते."

चंद्रहास "बरं" म्हणाला आणि आमटी ओरपत राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं करवतीला धार लावून आणली.

त्याचे हात या कामाचे होते, यात शंका नाही. चाळीस वर्षं त्यानं वसई पूर्वेच्या एका पॅटर्न शॉपमध्ये काढली होती. फाउंड्रीत धातूचा एखादा भाग ओतायचा असेल, तर आधी तो हुबेहूब लाकडात कोरावा लागतो. मग तो वाळूत दाबायचा, वाळूत खड्डा पडतो, त्यात रस ओतायचा. पंपाची पाती, मोटारीचं झाकण, गिअरचं घर, काय वाट्टेल ते चंद्रहासनं लाकडात केलं होतं. पण या धंद्यात एक गंमत आहे, किंवा दुःख म्हणा. माल विकला जातो तो धातूचा. लाकडाचा नमुना गोदामात पडून राहतो आणि एक दिवस चुलीत जातो. इतकी वर्षं इतकं कोरून चंद्रहासच्या घरात त्याच्या हातची एकही वस्तू नव्हती. मीरा हे बोलून दाखवायची. तो म्हणायचा, रिटायर झालो की करीन. रिटायर झाला आणि केळीला पाणी लावत बसला.

मापं कुठनं घ्यायची? गाडी भंगारात गेलेली. पण शेडच्या कोब्यावर चार चाकांचे चार काळे डाग अजून होते, मधे तेलाचा एक मोठा. चंद्रहास गुडघ्यांवर बसला आणि डागापासून डागापर्यंत टेप लावली. भिंतीवर आरशानं घासून काढलेली रेघ होती, तिच्यावरनं उंची काढली. बाकीचं जुन्या फोटोंतनं. मग हिशेब करून ओंडक्याचा ठोकळा काढला, रंध्यानं सहाही बाजू साफ केल्या, आणि बाजूवर पेन्सिलीनं गाडीची आकृती काढली. बॉनेट, काच, टप, डिकी. ती एक रेघ काढताना त्याला जरा थांबावं लागलं. डोळ्यांसमोर स्वच्छ दिसत होतं, पण हात उतरवत नव्हता. आधी त्याला वाटलं वय झालं. मग कळलं की आपण बाहेरनं फियाट नीट बघितलीच नाही कधी, कायम आतच बसलेलो. त्यानं मीराला हाक मारली.

"डिकी खाली कशी उतरायची गं? एकदम, की हळू?"

मीरानं पीठ लागलेला हात हवेत फिरवला. "अशी. मग इथं जरा थांबायची, आनि मग खाली. वीस वर्षं तिच्या पाठीमागं धावलीय मी, मला विचारा."

त्यानं तिच्या हाताप्रमाणे रेघ ओढली. बरोबर आली.

करवतीनं जास्तीचं लाकूड गेलं, मग पटाशी चालू झाली. वाळलेला सोनचाफा फार समजूतदार असतो, पटाशी जिकडं वळवाल तिकडं पापुद्रा निघतो. शेडमध्ये पिवळसर तपकिरी भुसा पडायला लागला. लाकडाला फुलाचा वास नसतो, हे चंद्रहासला ठाऊक होतं, तरी त्यानं पहिल्या दिवशी मूठभर भुसा नाकाशी नेऊन बघितला. मडगार्डचे फुगवटे त्यानं कानशीनं काढले. दारांच्या फटी सुरीच्या टोकानं. डिकी उघडती केली, पितळेच्या दोन बारीक बिजागऱ्यांवर. आणि काम करताना त्याला इतकं काही आठवायला लागलं, की काही वेळा हातातली पटाशी तशीच राहायची. बाबांची पहाटेची खोकल्याची ढास, ओल्या फडक्याचं टपटपणारं पाणी, काचेवर फुंकर मारून बोटानं आपलं नाव लिहिणारी हेमांगी. त्याला फार बरं वाटायचं.

"रुखवत बायकांनी करायचं असतं," मीरा दारातनं म्हणायची. "आता क्रोशाचे रुमाल पन विनायला घेनार काय?"

"तू तुझ्या रुखवतातलं कापसाचं बदक बघ आधी."

ते बदक माळ्यावर होतं. लग्नाच्या दिवशी सगळ्यांनी वाखाणलं आणि दुसऱ्या दिवशी माळ्यावर गेलं ते अजून उतरलं नव्हतं. चंद्रहास थट्टेत बोलून गेला, पण नंतर त्याच्या ध्यानात आलं. फियाटचंही हेच होणार. लोक "वा वा" म्हणणार, आणि मुलगी पंधरा किलोंत कपडे भरून निघून जाणार. फियाट बदकाशेजारी. तिनं नेली तर शब्द पाळला. नाही नेली तर आपण एक लाकडाचं खेळणं केलं, बाकी काही नाही. हे त्यानं कुणाला सांगितलं नाही, हेमांगीला तर नाहीच. ती शनिवार-रविवार घरी असली की तो शेडला कुलूप लावायचा.

माळ्यावर जायचं असलं तरी धूळ लागू नये, म्हणून त्यानं काचेची पेटी करायला दिली. गॉडफ्रे त्याचा शाळेपासूनचा मित्र, घर दोन वाड्या सोडून. नालासोपाऱ्याच्या रस्त्यावर त्याचं काचांचं आणि फ्रेमचं दुकान होतं. चंद्रहासनं फोनवर मापं सांगितली आणि बजावलं, "एकदम फिट्ट पायजे. आतमधी माशी शिरता कामा नये."

"माशीचा माप पन दे मग," गॉडफ्रे म्हणाला.

हळदीच्या दिवशी दुपारी गॉडफ्रे पेटी घेऊन आला. मांडवात गडबड चाललेली, पुढच्या अंगणात बायका हळद लावून गाणी म्हणत होत्या. मागं शेडमध्ये चंद्रहासनं फियाटवरचं फडकं काढलं. गॉडफ्रे एरवी कशाला चांगलं म्हणणाऱ्यातला नव्हे, पण त्यानं खाली वाकून चाकांपासून टपापर्यंत सगळी गाडी बघून घेतली. रंग दिलेला नव्हता, नुसतं पॉलिश. चाफ्याचं लाकूड मुळातच त्या गाडीच्या रंगाचं.

"काशीरामकाकांची गाडी," तो शेवटी म्हणाला. "हिनं मला पाडलावता एकदा सायकलवरनं."

मग त्यांनी ती उचलून पेटीत ठेवली. म्हणजे ठेवायला गेले. पुढचा बंपर आत गेला, मागचा काचेवर टेकला. फिरवून बघितली, तिरकी करून बघितली. जाईना. राईएवढ्यासाठी जाईना.

"तुझी टेप खोटी आहे," चंद्रहास म्हणाला.

"माझी टेप खोटी? त्या टेपवर अर्ध्या वसईच्या खिडक्या बसवल्यात मी. तुझी गाडीच लांब झाली."

गॉडफ्रेनं टेप लावली. गाडी सांगितल्यापेक्षा अर्धा सेंटिमीटर जास्त. चंद्रहासनं चिडून आपली पोलादी पट्टी काढली आणि लावली. बरोब्बर, एक केसही इकडेतिकडे नाही. मग चंद्रहासनं सावकाश ती पट्टी टेपशेजारी ठेवली. शून्याला शून्य जुळलं. पुढं पुढं जाताना आकडे एकमेकांना सोडत गेले.

तो मटकन स्टुलावर बसला.

"काय झाला?" गॉडफ्रे म्हणाला.

"कामावरची पट्टी आहे रे ही."

बाहेर मीरा आली होती, तिला आणि गॉडफ्रेला त्यानं समजावून सांगितलं. ओतलेला धातू गरम असताना मोठा असतो, थंड झाला की आक्रसतो. म्हणून लाकडाचा नमुना तेवढा मोठाच करायचा. दर वेळी हिशेब कोण करत बसणार, म्हणून पॅटर्नवाल्यांची पट्टीच वेगळी असते. दिसायला साध्या पट्टीसारखी, पण तिच्यावरचा सेंटिमीटर खऱ्या सेंटिमीटरपेक्षा जरासा मोठा. चाळीस वर्षं तीच हातात. रिटायर होताना पेटीतनं घरी आली. तिच्याच मापानं सगळी फियाट कोरली गेली, प्रत्येक दार, प्रत्येक काच. जो धातू कधी ओतायचाच नव्हता, त्याची सूट लाकडात ठेवून तो मोकळा झाला होता.

गॉडफ्रे इतका हसला की त्याला भिंत धरावी लागली.

"एवढंच ना?" मीरा म्हणाली. "बंपर जरा घासा की. कोनाला कळतंय?"

कुणाला कळणार नव्हतं, हे खरं. चंद्रहासनं कानस घेतली. फियाट मांडीवर आडवी घेतली, मागच्या बंपरवर कानस टेकवली, आणि तिथंच थांबला.

"काय चाललंय इथे?"

हेमांगी दारात उभी होती. पिवळी साडी, गालांना हळद, दोन्ही हात कोपरापर्यंत माखलेले. हसण्याचा आवाज ऐकून आली होती. चंद्रहासनं फडकं शोधलं, पण गॉडफ्रे त्यावर उभा होता.

तिनं गाडी बघितली. तिनं दोन्ही हात पुढं केले, आणि चंद्रहासनं, नाइलाजानं, फियाट तिच्या हातात दिली. तिनं ती फिरवली. पुढनं बघितली, वरनं बघितली, डिकी उघडून मिटली. मग मागच्या डाव्या कोपऱ्याशी तिचे अंगठे थांबले. तेवढ्या जागेला त्यानं पॉलिश केलं नव्हतं.

"इथला रंग गेलेला... तोपण केलात?"

"तूच घालवला होतास," चंद्रहास म्हणाला. "मी काय करनार?"

तिचा चेहरा एकदम आठ वर्षांचा झाला. आता ही रडणार, असं वाटून मीरानं घाईनं पेटीची आणि पट्टीची सगळी कथा सांगून टाकली. हेमांगीनं नीट ऐकली.

"म्हणजे थंड झाल्यावर लहान होतं, म्हणून आधीच मोठं करायचं?"

"हां."

"मग बरोबर आहे की बाबा. लांब गेल्यावर होईलच थोडं लहान." तिनं गाडी त्याच्या मांडीवर परत ठेवली. "बंपरला हात लावलात तर बघा. आणि गॉडफ्रे अंकल, त्या पेटीत मासे पाळा."

ती गेली. फियाटच्या डिकीवर तिच्या दोन अंगठ्यांचे पिवळेधमक ठसे उमटले होते, पॉलिश नसलेल्या लाकडात आत मुरलेले. मीरा पदरानं पुसायला गेली. चंद्रहासनं तिचा हात धरला. नेणार की नाही, हे मुलगी बोलली नव्हती, आणि विचारायचं त्याला धाडस झालं नाही.

लग्नाच्या दिवशी रुखवताच्या टेबलावर लाडू-करंज्यांमध्ये फियाट उघडीच ठेवली. पेटी असती तर लोकांनी लांबनं बघितली असती. उघडी होती, म्हणून प्रत्येकानं हात लावला. पोरांनी टेबलभर फिरवली. चंद्रहासच्या एका म्हाताऱ्या आत्यानं उचलून वास घेतला आणि "छे, नाय येत" म्हणून खाली ठेवली. गावातली जुनी माणसं लांबनंच ओळखत होती, काशीरामची काशीरामची म्हणत जवळ येत होती, आणि प्रत्येकाला तिची एक तरी गोष्ट आठवत होती. कुणाची आई तिच्यातनं दवाखान्यात गेली होती, कुणी तिला ढकलताना चिखलात पडलं होतं. चंद्रहास मुलीच्या बापासारखा न वागता गाडीच्या मालकासारखा तिथं उभा होता. मीरानं दोनदा येऊन बोलावलं आणि शेवटी त्याला कन्यादानाला ओढून नेलं.

जेवणं झाली. बायकांनी रुखवत आवरलं, खोकी भरली. चंद्रहास निरोपाची सुपारी देऊन परतला तेव्हा टेबल मोकळं होतं. खोकी दोरीनं बांधून पडवीत लावलेली, माळ्यावर चढवायला. फियाट कुठं दिसत नव्हती. म्हणजे गेली खोक्यात. त्यानं एका खोक्यावर हात ठेवला, आणि दोरी सोडून बघावी की नाही या विचारात असताना कुणी तरी ओरडलं, "चला, पाठवणी!"

दाराशी भाड्याची मोठी पांढरी गाडी सजवून उभी होती. पाया पडणं झालं. मीरा रडली, हेमांगी रडली, गॉडफ्रेसुद्धा रुमाल शोधत होता. चंद्रहासचे डोळे कोरडेच होते. त्याच्या डोक्यात खोकी होती. मुलगी मागच्या सीटवर बसली, जितेश, तिचा नवरा, शेजारी बसला. दार लागलं. ड्रायव्हरनं बटण दाबलं आणि इंजिन घुरघुरायला लागलं, पहिल्याच फटक्यात, काही आढेवेढे न घेता.

"एक मिनिट," आतनं जितेश म्हणाला. "दादा, बंद करा. न्यूट्रलला टाका."

"काय झालं साहेब?"

"काही नाही. ब्रेक सोडा फक्त."

इंजिन बंद पडलं. वऱ्हाडी चुळबुळायला लागले. मागची काच खाली सरकली आणि हेमांगीनं मान बाहेर काढली. रडून काजळ पसरलेलं. शालूच्या पदराखालनं तिनं काही तरी काढून मांडीवर घट्ट धरलं होतं. चंद्रहासनं जवळ जाऊन बघितलं. सायीचा रंग, डिकीवर दोन पिवळे अंगठे.

"कपडे कमी केलेत," ती म्हणाली. मग मान मागं वळवून, त्याच्याच जुन्या आवाजात ओरडली, "ढकला, बाबा!"

चंद्रहास गाडीच्या मागं गेला. कोटाच्या बाह्या वर सारल्या आणि डाव्या कोपऱ्यावर दोन्ही तळवे टेकले. उजव्या बाजूला मीरा येऊन उभी राहिली, पदर खोचून, डोळे पुसत. मधे गॉडफ्रे घुसला. आणि ती एवढी थोरली गाडी हलली. शेडवरनं, केळीच्या ओळीवरनं, रुळल्या वाटेनं चालायला लागली. आता चंद्रहास रडत होता, अगदी मोठ्यानं, आणि ढकलत होता. मागं सगळं वऱ्हाड हसत टाळ्या पिटत येत होतं.

चिंचेपाशी ड्रायव्हरनं इंजिन सुरू केलं. गाडीनं वेग घेतला, पण जरासाच, रांगत राहिली. आणि चंद्रहास धावला. इंजिन पकडलं की धावायचं, मागचं दार गाठायचं, उडी मारायची, इतकी वर्षं आरशात मायलेकींना बघितलं होतं तेवढंच आता त्याच्या पायांना कळत होतं. कोट उडतोय, धाप लागलीय, हात पुढं. बोटं दाराच्या मुठीला लागलीसुद्धा, तेव्हा काचेपलीकडं मुलीचा चेहरा दिसला, आणि त्याच्या लक्षात आलं की या खेपेला आपल्याला बसायचं नाही.

त्यानं मूठ सोडली आणि चिंचेखाली थांबला.